अर्ध्या ओळीचा उन्हाळा

चैत्र सरला की मला एका जागी बसवत नाही. यंदाही तसंच झालं. सकाळी नऊच्या आतच खिडकीतून झळ यायला लागली, जळगावच्या मेहरूण भागातल्या आमच्या गल्लीसमोरून केळीच्या घडांनी भरलेला पहिला ट्रॅक्टर धडधडत गेला, आणि मी हातातला चहा तसाच ठेवून घरभर फिरायला लागले. कूलरमध्ये पाणी भरलं. कपाट उघडलं, कशासाठी ते आठवेना म्हणून बंद केलं. गॅलरीत गेले, परत आले. नवऱ्याने पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "लागला का तुझा हंगाम?" त्याला वाटतं मला ऊन सोसत नाही. लग्न झाल्यापासून तो तसंच समजत आलाय, आणि मीही त्याला कधी वेगळं सांगितलेलं नाही.

मी मोबाइलची ॲप बनवते. पुण्याच्या एका कंपनीचं काम, घरी बसून. लोकांना वाटतं ॲप म्हणजे रंग आणि बटणं. खरं तर ते एकावर एक ठेवलेले पडदे असतात, ताटांची चळत असावी तसे. वरचं ताट उचललं की खालचं दिसतं. म्हणजे दिसायला हवं. पण फोनला जागा कमी पडली की तो कुणाला न विचारता खालचं एखादं ताट विसळून टाकतो, आणि माणूस मागे येऊन बघतो तर त्याने वाढून ठेवलेलं काहीच नाही. म्हणून आम्ही पडद्याला शिकवतो, की बाबा, कुणाचा फोन आला, दुसरं कुणी पुढे आलं, तुला मागे जावं लागलं, तर जाता जाता हातातलं कुठेतरी नीट ठेवून जा. त्याला जायच्या आधी क्षणभर वेळ मिळतो. तेवढ्यात करायचं.

हे मी दरवर्षी नव्या मुलामुलींना शिकवते आणि दरवर्षी जरा जास्तच तावातावाने शिकवते. परवा त्यांच्यातला ओंकार म्हणाला, "मॅडम, पण फॉर्म अर्धा टाकून कोण उठून जातं?" चांगला हुशार मुलगा आहे, त्याचं काही चुकलं नव्हतं. मी म्हटलं, "माणसं जातात," आणि फारच तोडून म्हटलं. मग मी नेटवर्क गेल्याचं निमित्त करून कॉल बंद केला. नेटवर्क उत्तम होतं.

नव्वदीच्या सुरुवातीचा तो उन्हाळा. मी बावीस वर्षांची होते. धुळ्याला कॉलेज करून जळगावला एका संस्थेत कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, आणि संस्थेच्या सरांनी मला पहिलं काम मिळवून दिलं. असोद्याच्या पलीकडे एक गाव आहे, त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या फळविक्री सोसायटीने हौसेने कॉम्प्युटर घेतला होता, आणि त्यावर कापणीचे नंबर लावायचा प्रोग्रॅम मला करून द्यायचा होता. जळगावहून असोद्यापर्यंत बस, पुढे सोसायटीच्या कारकुनाच्या मोटारसायकलवर मागे, मांडीवर फ्लॉपीची डबी घट्ट धरून. उन्हाने फ्लॉपी वाकेल या भीतीने मी तिला ओल्या रुमालात गुंडाळायचे आणि मग ओलीने बिघडेल या भीतीने रुमाल सोडायचे. सगळा रस्ता त्यातच जायचा.

कापणीचा नंबर म्हणजे काय ते सांगायला हवं. बागेतले घड भरत आले की शेतकरी सोसायटीत येऊन सांगतो, अमुक पट्टीतली इतकी खोडं तयार आहेत. सोसायटी त्याला नंबर देते. नंबर आला की कापणीची टोळी येते, ट्रक येतो, माल उत्तरेकडे जातो. हिरवा जातो, हे महत्त्वाचं. उन्हाळ्यात नंबर आठ दिवस चुकला तर घड खोडावरच पिवळा पडायला लागतो, आणि पिवळा घड ट्रकवाला हातात धरत नाही. दिल्लीपर्यंत त्याचा चिखल होतो. मग तो गावात वाटा, गुरांना घाला, नाहीतर खोडाखालीच पडू द्या.

हे नंबर अठरा वर्षं रमेशभाऊ एका लांबलचक रजिस्टरात लिहीत आले होते. रमेशभाऊ म्हणजे तोच कारकून. पांढरी टोपी, कानावर पेन्सिल, आणि आवाज कधी चढला नाही असा माणूस. त्यांची एक पद्धत होती. लिहिता लिहिता कुणी मोठं माणूस आलं, की पेन्सिल रजिस्टराच्या घडीत आडवी ठेवायची आणि उठून उभं राहायचं. सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकी एक आबा होते, ते रोज अकराच्या सुमाराला यायचे. आबा आले की टेबलावरचं सगळं थांबायचं. आबांना पाणी, आबांचा नंबर कुठे आलाय ते दाखवणं, आबांच्या मोतीबिंदूची चौकशी. समोर बसलेला शेतकरीही उठून बाजूला व्हायचा आणि त्यात त्याला काही वावगं वाटायचं नाही. आबा गेले की रमेशभाऊ पेन्सिल उचलायचे. तिच्याखाली अर्धी ओळ तशीच पडलेली असायची. ती पुरी करायचे.

मला ते सगळं वेळकाढूपणाचं वाटायचं. बाविसाव्या वर्षी दुसऱ्याचं सगळंच वेळकाढूपणाचं वाटतं.

कॉम्प्युटरची खोली वेगळी होती. चपला बाहेर काढून आत जायचं, दाराला वाळ्याचा पडदा, पेटीवर उद्घाटनाच्या दिवशी काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं. मी प्रोग्रॅम केला होता त्यात सहा-सात पडदे होते. नवा नंबर लिहायचा, जुना शोधायचा, आजच्या कापणीचा, टोळ्यांचा. माझा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे कुठल्याही पडद्यावरून एकच कळ दाबली की थेट मुख्य यादीवर. एस्केप. "भाऊ, कुठेही हरवलात तरी हे दाबा, घरी याल," असं मी रमेशभाऊंना शिकवलं होतं. ते पाठ करत असल्यासारखे म्हणायचे, "हे दाबलं का घर."

घरी येताना हातातलं काय होतं, ते मी बघितलंच नव्हतं. अर्धा भरलेला पडदा सोडून एस्केप दाबलं, की त्यावरचं सगळं जात होतं. नाव, पट्टी, खोडं, सगळं. मला वाटलं होतं, माणूस ओळ पुरी करूनच उठेल.

नाही, हे खोटं आहे. इतकी वर्षं मी स्वतःशीही हेच सांगत आले. मला माहीत होतं. बुद्धपौर्णिमेच्या दोन दिवस आधी रमेशभाऊंनी मला हाक मारली होती. "ताई, हे तं गेलं." ते एकाचा नंबर लिहीत होते, मध्येच आबांचा नंबर बघायला एस्केप दाबून शोधायच्या पडद्यावर गेले, आणि परत आले तर पहिल्या माणसाचा मागमूस नाही. मी बघितलं. दोन मिनिटांत मला कळलं काय झालंय. दुरुस्त करायला अर्धा दिवस लागला असता. माझी धुळ्याची बस साडेतीनची होती. मी म्हटलं, "पुन्हा लिहा ना भाऊ, सोपं आहे. मी आल्यावर बघते." त्यांनी मान डोलावली, आणि मी फ्लॉपीची डबी पिशवीत टाकून निघाले.

ती बस अजून माझ्या अंगात आहे. एरंडोल, पारोळा, खिडकीच्या तापलेल्या पत्र्याला कोपर लागलं की चटका. धुळ्यात घरी आईने खिरीची तयारी मांडलेली, वडिलांचं पांढरं शर्ट-धोतर दोरीवर, मावशीची पोरं सगळ्या घरात. मी वहीत कागदावर त्या पडद्याचं कोडं सोडवत बसले होते. जायच्या आधी ठेवायचं कुठे, परत आल्यावर उचलायचं कसं. सोडवलंही. पण ते धुळ्यात, कागदावर. सगळे विहारात वंदनेला गेले तरी मी घरातच, म्हणून आई दारातून म्हणाली, "बठ्ठा वंदनाले गयात, तू आठेच कशी?" मी गेले. पांढरी साडी नेसून रांगेत उभी राहिले, मेणबत्ती लावली, आणि हातातली मेणबत्ती गळत असताना मनात एस्केप, एस्केप. परत आल्यावर आईने माझ्याकडे बघून नुसतं म्हटलं, "आंग आठे शे, ध्यान तठे." आणखी दोन दिवस राहा असा तिचा आग्रह होता. मी दोन दिवस राहिले. राहिले आणि तडफडले, दोन्ही केलं. त्यापेक्षा उठून गेले असते तर बरं झालं असतं.

सिंधूअक्का त्या चार दिवसांत आली होती.

सिंधूअक्का म्हणजे पंचेचाळिशीची, सावळी, उंच बाई. नवरा भुसावळला रेल्वेत, महिन्यातून एकदोनदा घरी. मळा सगळा तीच बघायची. सोसायटीत स्वतः येऊन नंबर लावणारी गावातली ती एकटी बाई होती. इतरांच्या घरून दीर, सासरे, मुलगे येत. ही डोक्यावर पदर, पायात टायरच्या चपला, पुरुषांच्या ओळीत उभी. माझ्याकडे ती मोठ्या कौतुकाने बघायची. एकदा वाळ्याचा पडदा बाजूला करून तिने विचारलं होतं, "पोरी, यात माह्यं नाव कुठी राह्यतं, दाखव बरं." मी तिचं नाव इंग्रजी अक्षरांत उमटवून दाखवलं. तिला वाचता आलं नाही, तरी ती कितीतरी वेळ बघत होती. मग म्हणाली, "लांब हाय की," आणि हसली.

मी धुळ्याला असताना, त्या दिवशी, ती रमेशभाऊंच्या समोर बसली; हे सगळं मी पुढे अक्काच्या बोलण्यावरून जुळवलं. विहिरीजवळची पट्टी, बाराशे खोडं. भाऊ एकेक कळ शोधून दाबत होते. तेवढ्यात आबा आले. अक्का उठून बाजूला झाली, भाऊंनी एस्केप दाबलं आणि आबांचा नंबर शोधून दाखवला, पाणी आणलं, डोळ्याची चौकशी केली. आबांच्या मागे आणखी दोघं आले, त्यांचे नंबर झाले. मग अक्काने दारातून विचारलं, "लिह्यलं ना भाऊ माह्यं?" आणि रमेशभाऊ म्हणाले, "हो अक्का, लिहिलं." अठरा वर्षं ते बरोबरच होतं. पेन्सिल ठेवून उठलं तरी ओळ तिथेच असते, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. दोन दिवसांपूर्वी एकदा उलटं झालं होतं, पण एका वेळच्या गोष्टीने अठरा वर्षांचा हात बदलत नाही.

चिठ्ठी द्यायची रीत नव्हती. सांगितलं, लिहिलं, झालं.

पुढे काय झालं ते लिहायला मला अजूनही जड जातं. मी परत आले त्याच दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, प्रोग्रॅम दुरुस्त केला. अर्ध्यावर सोडलेलं एका वेगळ्या फाइलमध्ये पडून राहील, परत आल्यावर आपोआप समोर येईल. सुंदर काम झालं होतं. रमेशभाऊंना दाखवलं, ते खूश झाले. "हे तं रजिस्टरासारखं झालं," म्हणाले. गेलेलं काही आहे का, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनाही आठवलं नाही.

आठ-दहा दिवसांनी अक्का सोसायटीत आली ती घामाने निथळत. टोळी आली नव्हती. घड पिवळे पडायला लागले होते. यादी उघडली, तिचं नाव नव्हतं. चेअरमन, दोन संचालक, अक्काचा दीर आणि आबा, सगळे त्या छोट्या खोलीत, सगळ्यांच्या चपला बाहेर. अक्का शांतपणे सांगत होती. "मी सांगतलं व्हतं. बाराशे खोडं, विहिरीजोळची पट्टी. भाऊ याच खुर्चीत बसेल व्हते. मंग आबा आले." आबांचं नाव निघाल्यावर खोलीत चुळबुळ झाली. रमेशभाऊंनी कपाळावरचा घाम पुसला. त्यांना आठवत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. ते म्हणाले, "मी तं सगळ्यायचंच लिहितो अक्का."

मग चेअरमन माझ्याकडे वळले. "ताई, हे मशीन चुकतं का?"

मला आठवतंय, पंख्याचा आवाज होत होता आणि स्वस्तिकाचं कुंकू वाळून पेटीवरून खाली पडत होतं. सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते. अक्काचेही. तिच्या डोळ्यांत काळजी नव्हती. ही शिकलेली पोरगी आता सांगेल, असं होतं. मी बावीस वर्षांची, पहिलं काम, सरांनी शब्द टाकून मिळवलेलं. मी म्हटलं, "मशीनमध्ये जे टाकलं जातं, तेच असतं."

एकेक शब्द खरा होता. इतकं खरं वाक्य मी त्यानंतर क्वचितच बोलले असेन.

दीर अगदी समजुतीने बोलला. "वहिनी इसरल्या असतीन. कामं का थोडी हायेत त्यायले." सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. कुणी रागावलं नाही, कुणी दोष दिला नाही. अक्का माझ्याकडे बघत राहिली, मग रमेशभाऊंकडे, मग त्या काळ्या काचेकडे. पदर सारखा केला आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. विहिरीजवळच्या पट्टीतले घड त्या उन्हाळ्यात खोडावरच पिकून फुटले. असोद्याच्या रस्त्याने जाताना पिकल्या केळ्यांचा गोडसर वास मोटारसायकलवर मागे बसलेल्या माझ्यापर्यंत यायचा. मी नाकाला रुमाल लावायचे. फ्लॉपी उन्हातच राहायची.

एका पट्टीचं नुकसान त्या घराने सोसलं, तेवढी ताकद होती. पण पुढच्या हंगामापासून अक्काच्या मळ्याचे नंबर दिराने द्यायचे असं ठरलं. विसरभोळं झालंय आता वहिनींचं, असं गाव म्हणायला लागलं. पंचेचाळिसाव्या वर्षी. ती पुन्हा कधी त्या ओळीत उभी राहिली नाही. हे मला रमेशभाऊंनीच सांगितलं, आणि सांगताना पेन्सिल कानावरून काढून परत कानावर ठेवली.

माझं मात्र छान झालं. अर्ध्यावर सोडलेलं सांभाळणारा प्रोग्रॅम म्हणून माझं काम आजूबाजूच्या सोसायट्यांत गेलं, रावेरपर्यंत गेलं. नंतर पुणं, मोठे कॉम्प्युटर, छोटे कॉम्प्युटर, आणि आता हे हातातले. लोक म्हणतात, तुमच्या ॲपमध्ये काही हरवत नाही. फोन आला, बॅटरी गेली, माणूस चार दिवसांनी परत आला, तरी सगळं जिथल्या तिथे. मी हसते आणि पाणी प्यायला उठते.

जळगावला परत राहायला येऊन सहा वर्षं झाली. असोदा इथून किती लांब. भाजी आणायला लोक जातात. सहा उन्हाळे मी मेहरूणच्या तलावाला फेऱ्या घालत काढले. फेरी पुरी झाली की तिथेच परत येतो आपण, ते एक बरं असतं. ओंकारला तोडून बोलले त्या संध्याकाळी मी तलावावर गेले, अर्ध्या वाटेवरून परत फिरले आणि नवऱ्याला म्हटलं, "उद्या सकाळी मी जरा असोद्याकडे जाऊन येते." तो म्हणाला, "ऊन आहे." मी म्हटलं, "ऊन नेहमीच असतं."

स्कूटीवर गेले. रस्ता रुंद झालाय, बागा ठिबकच्या नळ्यांवर आल्यात. घर विचारायला लागलं नाही. सिमेंटचं नवं घर होतं, पण विहीर तीच. अंगणात बाजेवर धोतराचं जुनं फडकं आणि त्यावर ज्वारीचे बिबडे, पापडांसारखे, वाळत घातलेले. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत सिंधूअक्का, हातात शेळ्या हाकलायची काठी. पंचाहत्तरीच्या पुढे गेलेली, वाळलेली, पण मान ताठ. मी ओळख सांगितली. "कॉम्प्युटरवाली पोरगी," ती लगेच म्हणाली. ती काहीच विसरलेली नव्हती.

मी उभ्या उभ्याच बोलायला लागले. आधी नीट जुळवून आणलं होतं, ते सगळं रस्त्यात सांडलं होतं. पडदे, एस्केप, साडेतीनची बस, बुद्धपौर्णिमा, काहीही कुठूनही सांगत सुटले. शेवटी एवढंच राहिलं ते म्हटलं. "अक्का, तुम्ही सांगितलं होतं. मशीनने ते पुसलं. पुसतं हे मला आधीच माहीत होतं, आणि त्या दिवशी मी बोलले नाही."

अक्काने एक बिबडा उलटा करून बघितला. खालून ओला होता, परत तसाच ठेवला. शेळी पुढे आली, तिला काठी दाखवली. मला वाटलं, ऐकलं नसेल. पुन्हा सांगावं लागेल म्हणून मी शब्द जुळवायला लागले.

मग ती म्हणाली, "मी सांगतलं व्हतं, हे मले माहीत व्हतं पोरी. कोनी कायबी म्हनो. तेवढ्यावर काढले मी इतके वर्षं." तिने पहिल्यांदा वर बघितलं. "पन तुले बी माहीत व्हतं, हे नव्हतं मले माहीत."

तिने मला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. काठी मांडीवर आडवी ठेवून ती बिबड्यांकडे बघत राहिली, आणि मी त्या उन्हात उभी राहिले.